पार्श्वसंगीताचे वेष्टन

चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक ओठांवर एखादे गाणे घेऊन घरी येतो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. परंतु प्रेक्षकांत एक लहानसा वर्ग असाही असतो, की ज्याच्या मनात गाण्यापेक्षा दोन गाण्यांमधले संगीत अधिक रेंगाळत राहते. १९७५ सालच्या ‘शोले’मध्ये जय रात्रीच्या वेळी पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवितो आणि समोरच्या हवेलीतील विधवा सून एकेक दिवा मालवीत जाते, ते दृश्य कोणास आठवत नाही? त्या सुरांना शब्द नाहीत. पण दोघांपैकी एकही जण जे बोलत नाही, ते सारे त्या सुरांतून आपणांस कळते. पडद्यावर वाद्य अमिताभ बच्चन यांच्या हाती असले, तरी प्रत्यक्षात ते वाजविले होते भानू गुप्ता यांनी. हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले असेल?

या संगीताला आपण पार्श्वसंगीत म्हणतो. त्याचे वेड लागलेल्या माणसांविषयी, आणि ती माणसे आपल्या आवडत्या संगीतासाठी स्वतः जी वेष्टने तयार करतात त्यांविषयी, आज मला बोलावयाचे आहे. वेष्टन म्हणजे ध्वनिमुद्रिकेचे कव्हर. गाणी दुकानात मिळतात, तेव्हा त्यांना कव्हर असतेच. पार्श्वसंगीत बहुधा दुकानात मिळत नाही. मग रसिक चित्रपटातून ते तुकडे वेचून काढतो, संगणकावर क्रमाने लावतो, आणि जी ध्वनिमुद्रिका कधी निघालीच नाही तिचे वेष्टन घरच्या घरी आखून छापतो. ऐकणाऱ्यास हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. मला मात्र तो तसा वाटत नाही, आणि त्याची कारणे सांगण्याकरिताच मी आपणांपुढे आलो आहे.

मी बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात राहतो. बाहेरगावच्या माणसास लोधीपुरा म्हटले की बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी आठवते. आमचे गाव तापीकाठचे, जुन्या खानदेशच्या राजधानीचे. आज ते मध्य प्रदेशात असले तरी बाजारात एका वाक्यात मराठी, हिंदी आणि उर्दू तिन्ही ऐकू येतात. १५ ऑगस्ट २००३ पर्यंत आम्ही खांडवा हे मुख्य ठाणे असलेल्या पूर्व निमाड जिल्ह्यात मोडत होतो, आणि खांडवा हे किशोरकुमारांचे जन्मगाव. तेव्हा चित्रपटसंगीताचे वेड आम्हांस शेजारधर्माने लागले, असे म्हटले तरी चालेल.

आता, पार्श्वसंगीताच्या ध्वनिमुद्रिका आपल्याकडे का निघाल्या नाहीत? पहिले कारण तबकडीच्या आकाराचे आहे. लाखेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. एवढ्या जागेत एक गाणे बसे, आणि गाण्याला गिऱ्हाईक होते. पुढे मोठ्या, दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या आल्या. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने त्या १९४८ साली आणल्या आणि यथावकाश त्या आपल्याकडेही आल्या. जागा वाढली, पण सवय बदलली नाही. ‘शोले’चेच पाहा. गाण्यांच्या तबकडीपाठोपाठ पॉलिडोर कंपनीने त्या चित्रपटाच्या संवादांची तबकडी काढली आणि ती गावोगावच्या ध्वनिक्षेपकांवरून वाजली. गब्बरसिंगाच्या आरोळीला तबकडी मिळाली. राहुल देव बर्मन यांच्या पार्श्वसंगीताला तिच्यात जागा मिळाली ती संवादांच्या मागे, उरलीसुरली.

दुसरे कारण अधिक खेदाचे आहे. चित्रपट तयार होताना संवाद, इतर आवाज आणि संगीत यांच्या फिती वेगवेगळ्या असतात आणि शेवटी त्या एकत्र मिसळल्या जातात. एकदा मिसळण झाली की संगीताची वेगळी फीत जपून ठेवण्याची चाल आपल्याकडे फारशी नव्हती. त्यामुळे जुन्या चित्रपटातील एखादा सुंदर तुकडा आज ऐकावयाचा, तर तो टांग्यांच्या आवाजासह आणि दरवाजांच्या करकरीसह ऐकावा लागतो. जेथे पात्रे गप्प असतात तेथेच काय ते संगीत निर्भेळ मिळते. आणि ज्याची फीतच गेली, त्याचे तर काहीच उरत नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची प्रत आज कोठेही उपलब्ध नाही, आणि त्याच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. २००३ च्या जानेवारीत पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती जळून गेल्या. त्या फितींवर चित्राबरोबर संगीतही होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

परदेशात हे वेड आपल्याआधी रुजले, आणि गंमत अशी, की त्याच्या आरंभाशी एक भारतीय मुलगा उभा आहे. म्हैसूरकडच्या एका माहुताचा मुलगा साबू हॉलिवुडात गेला आणि १९४२ सालच्या ‘जंगल बुक’मध्ये मोगली झाला. त्या चित्रपटाचे संगीत हंगेरीतून आलेल्या मिक्लोश रोझा यांचे होते. ते वाद्यसंगीत साबूच्या निवेदनासह तबकड्यांवर निघाले. अमेरिकन चित्रपटाचे पार्श्वसंगीत विक्रीसाठी तबकडीवर येण्याच्या अगदी पहिल्या प्रसंगांपैकी हा एक. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९४० साली, कोलंबिया कंपनीतील अलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने तबकड्यांच्या करड्या पुठ्ठ्यावर चित्र काढण्याची कल्पना अमलात आणली होती. तोपर्यंत तबकड्यांचा संच म्हणजे एखाद्या वकिलाच्या कपाटातील जाड वहीसारखा दिसे.

तिकडेही सारे सुरळीत होते असे नाही. हिचकॉकच्या ‘सायको’चे (१९६०) बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांवर रचलेले संगीत जगभर गाजले, पण त्या वेळी त्याची ध्वनिमुद्रिका निघाली नाही, हरमन यांनी १९७५ साली ते पुन्हा वाजवून घेतले. त्याच सुमारास एल्मर बर्नस्टाइन या संगीतकाराने स्वतःच एक वर्गणीदार मंडळ काढले आणि दुकानात न मिळणारे जुने चित्रपटसंगीत नव्याने वाजवून तबकड्या टपालाने रसिकांच्या घरी पाठविल्या. म्हणजे रसिकाची भूक खोटी नव्हती. दुकानदारास तिचा अंदाज नव्हता, इतकेच.

आपल्याकडे अंदाज तर नव्हताच, शिवाय नावेही गेली. हा माझ्या मते या सर्व प्रकरणाचा मर्मभाग आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांचा आणि वाद्यवृंद-रचनाकारांचा केवढा मोठा वाटा आहे! पाश्चात्त्य स्वरलिपी जाणणारी ही मंडळी. संगीतकार चाल देई. ती पन्नास वाद्यांत कशी वाटून द्यावयाची, व्हायोलिनांनी कोठे उठावे आणि कोठे थांबावे, हे कागदावर उतरविण्याचे काम यांचे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी ते सेबास्टियन डिसूझा यांनी वर्षानुवर्षे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले, म्हणून तेवढे ते लोकांच्या तोंडी आले, आणि तेही पात्राचे नाव म्हणून! वसंत देसाई यांच्या संगीताने नटलेला ‘झनक झनक पायल बाजे’ १९५५ चा. त्यातील एका प्रसंगासाठी सतरा-अठरा वर्षांच्या शिवकुमार शर्मांनी संतूर वाजविले, आणि ते वाद्य चित्रपटात आले. तबकडीवर संगीतकाराचे नाव असे, गायकाचे असे. वादकाचे नाव छापण्याची पद्धत नव्हती.

घरी तयार केलेल्या वेष्टनाचे महत्त्व मला येथे दिसते. त्याला कोणा कंपनीची संमती नको आणि कोणा नटाचा आग्रह सांभाळावयाचा नाही. जे नाव छापावेसे वाटते ते छापता येते.

तरी चित्राविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण हौस चित्रापासूनच सुरू होते. नवखा हौशी पहिल्याने काय करतो? चित्रपटाच्या जाहिरातीतून नायक-नायिकेचे चेहरे कापतो आणि ठळक अक्षरांत नाव टाकतो. झाले वेष्टन! मला हा प्रकार आवडत नाही. चेहरे हे भित्तिपत्रकाचे काम आहे, आणि ते काम आपल्या मराठी माणसांनी फार थोर रीतीने करून ठेवले आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतःच्या चित्रपटांची भित्तिपत्रके रंगवीत; पुढे त्याच कोल्हापूरचे जी. कांबळे, आणि त्यानंतरच्या पिढीत ‘दीवार’चे दिवाकर करकरे, यांनी रस्त्यावरून जाणाऱ्याचे पाय थांबविले. भित्तिपत्रक दुरून पाहावयाचे असते. वेष्टन हातात धरून, संगीत चालू असताना पाहावयाचे असते. त्याने संगीताच्या बाजूने बोलावे. १९५९ साली सॉल बास यांनी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’साठी कागदातून कापल्यासारखी तुकड्या-तुकड्यांची एक मानवाकृती केली. ड्यूक एलिंग्टन यांच्या संगीताच्या तबकडीवर तीच आली. एकही चेहरा नाही, आणि तरीही ते वेष्टन विसरता येत नाही.

एक उदाहरण घरचेच देतो. १९६३ सालच्या ‘ताजमहल’चे संगीत रोशन यांचे. वेष्टन करावयाचे म्हटले की कोणीही आग्र्याचा पांढरा घुमट उचलील. बऱ्हाणपूरच्या माणसाने तसे करू नये. मुमताजमहल निवर्तली ती १६३१ च्या जून महिन्यात, आमच्या बऱ्हाणपुरात. आणि तिचे शव सुमारे सहा महिने तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत होते. तेथून ते डिसेंबरात आग्र्यास नेले. त्या बाजूला आहुखान्याच्या पडक्या कमानी आजही उभ्या आहेत. मी वेष्टन आखले तेव्हा त्या कमानींतील एकच घेतली, उन्हाळ्यातल्या तापीच्या पाण्याचा मळकट रंग मागे ठेवला, आणि घुमट काढलाच नाही. ज्यांनी पाहिले त्यांतील काहींनी विचारले, “ताजमहाल कोठे आहे?” हा प्रश्न त्यांना पडावा हीच माझी इच्छा होती.

अक्षरांकडे आपले हौशी लोक फार दुर्लक्ष करतात. संगणकात मिळेल ती देवनागरी उचलावी आणि तिला सोनेरी छाया द्यावी, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे जाहिरातींत कशी लिहिली ते एकदा पाहावे. अक्षराच्या वळणातूनच नाटक ऐतिहासिक आहे की विनोदी आहे ते कळे. ते २०२० साली गेले. त्यांची अक्षरे मात्र अजून अभ्यासास मोकळी आहेत. मापाविषयी एवढेच, की छोट्या चकतीच्या डबीसाठी कागद बारा सेंटिमीटर चौरस लागतो आणि मोठ्या तबकडीचे वेष्टन साधारण साडेएकतीस सेंटिमीटरांचे असते. मोठ्या मापावर आखून लहान करावे. लहानाचे मोठे केले की रेषा फुटतात. कडेच्या पट्टीवर नाव लिहावयास विसरू नये. कपाटात उभ्या ठेवलेल्या वेष्टनाचा तेवढाच भाग रोज दिसतो.

आता मागची बाजू. ती मी पुढच्या बाजूइतकीच, किंबहुना अधिक काळजीने करावयास सांगेन. तेथे चित्रपटाचे नाव, साल आणि संगीतकार हे तर हवेच. त्याखाली वाद्यवृंद-रचना कोणाची, साहाय्यक कोण, कोणते वाद्य कोणी वाजविले, हे जेवढे खात्रीने ठाऊक असेल तेवढे लिहावे. जे ठाऊक नसेल त्याची जागा कोरी सोडावी; तर्काने नाव घालू नये, कारण छापलेला तर्क दहा वर्षांत पुरावा होऊन बसतो. प्रत्येक तुकडा चित्रपटातील कोणत्या प्रसंगाचा, आणि तो मूळ फितीवरून घेतला की संवादांच्या सांदीतून वेचला, हेही नमूद करावे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेतील सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तबकडीवरील क्रमांक, तारखा आणि वेष्टनांवरचा मजकूर किती बारकाईने नोंदविला, आणि त्या नोंदींतून आपल्या संगीताचा इतिहास कसा उभा राहिला, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या लहानशा मजकुराची किंमत सांगावी लागणार नाही.

हे सारे घरात ठेवावयाचे, विकावयाचे नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. संगीत दुसऱ्याचे आहे. कागद आणि कष्ट तेवढे आपले.

अलीकडे दिवस थोडे पालटले आहेत. काही कंपन्या पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध करू लागल्या आहेत. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतले, तेव्हा त्या वाद्यवृंदाची चर्चा घरोघर झाली. ध्वनिमुद्रिका मात्र निघाली ती चार गाण्यांचीच. लोधीपुऱ्यात माझ्या टेबलावर सध्या त्याच्या पार्श्वसंगीताचे वेष्टन अर्धवट आखून पडले आहे. पुढच्या बाजूस काय असावे ते ठरले आहे: विहिरीच्या पायऱ्या, आणि पाणी. मागच्या बाजूची नावे गोळा करणे चालू आहे. व्हायोलिनांपुढची जागा अजून कोरी आहे.