जामा : घरी शिवलेला एक जुना पोषाख

शाळेच्या संमेलनात अकबराचा किंवा शहाजहानचा दरबार उभा करावयाचा ठरला म्हणजे पोषाखांचा प्रश्न बहुधा दोन मार्गांनी सोडविला जातो. एक तर भाड्याच्या दुकानातून जरीची पट्टी लावलेले चकचकीत साटिनचे झगे आणले जातात. नाही तर घरी शिवण जाणणारे कोणी एखादे चित्र समोर ठेवून कापडाला कातर लावते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा दुसरा मार्ग आहे. तो अधिक कष्टाचा खरा. परंतु जुन्या काळचा शिंपी कापडाविषयी कसा विचार करीत असे, हे त्याच मार्गाने उमगते. उदाहरणादाखल येथे एकच वस्त्र घेतले आहे, ते म्हणजे मोगल दरबारातील जामा.

जामा हे छातीवर एक बाजू दुसरीवर घेऊन काखेखाली बंदांनी बांधावयाचे वस्त्र होय. ते वर अंगाबरोबर बसते आणि कमरेपासून खाली घेरदार होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चित्रांत पुष्कळदा या घेराला खाली टोके लोंबताना दिसतात. अशा जाम्यास चाकदार जामा म्हणतात. तकौचिया नावाच्या बिनअस्तराच्या भारतीय झग्याविषयी अबुल फझलने ‘ऐने अकबरी’त असे नोंदविले आहे की, पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत व तो डावीकडे बांधीत, अकबराने तो गोल घेराचा करवून उजवीकडे बांधण्याची आज्ञा दिली. पुढे अठराव्या शतकात घेर घोट्याकडे उतरला आणि कमरेची शिवण छातीकडे सरकली. तेव्हा ‘मोगल पोषाख’ एवढे म्हणून भागत नाही. निदान बादशहा कोणता, हे कापड आणण्यापूर्वीच ठरवावे लागते.

बंद कोणत्या बाजूस, हा प्रश्नही किरकोळ नाही. सामान्यतः मुसलमान उजवीकडे आणि हिंदू डावीकडे बंद बांधीत, आणि हा संकेत दीर्घकाळ टिकला. चित्रातील दरबारी मंडळींपैकी हिंदू कोण, हे ओळखण्यास अभ्यासकांना याच खुणेचे साहाय्य होते. येथे उजवे-डावे म्हणजे नेसणाऱ्याचे, पाहणाऱ्याचे नव्हे. शिवाय छापताना चित्र उलटे झालेले असू शकते. तलवार कोणत्या कुशीला लटकते व लिपी सरळ आहे की नाही, हे पाहून मगच कातर उचलावी.

चित्रे पुष्कळ काही सांगतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनामा’ची किंवा विंडसर येथील ‘पादशाहनामा’ची चित्रे पाहिली असता मलमलीतून दिसणारा रंगीत पायजमा, मनगटावर चुण्या पडलेली लांब अरुंद बाही, कमरेचा पटका, सारे स्पष्ट दिसते. दिसत नाही ती शिवण. चित्रकाराला वस्त्राची शोभा हवी होती. तुकडे कसे जोडले, हे दाखविण्याचे त्याला कारण नव्हते. अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयासारख्या ठिकाणी, १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत, जुनी वस्त्रेच जतन केलेली आहेत. घेराचे तुकडे किती आणि शिवण कोठे आहे, या गोष्टी अशा प्रत्यक्ष वस्त्रावरूनच कळतात. चित्रपटांवर मात्र फार विसंबू नये. १९६०च्या ‘मुगल-ए-आझम’ने प्रेक्षकांच्या मनात मोगल काळाची जी प्रतिमा उभी केली ती मोहक आहे, पण तिच्यावरून बेतलेला पोषाख त्या चित्रपटाचा होतो, त्या काळाचा होत नाही.

काही घराण्यांच्या जुन्या पेट्यांत पणजोबांचा अंगरखा अद्याप असतो. नमुना मिळावा म्हणून तो उसवण्याचा मोह होतो, आणि थोडी डागडुजी करून तोच रंगमंचावर न्यावा, असेही कोणी सुचविते. या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळल्या पाहिजेत. घामाने व ताणाने जीर्ण कापड एका संध्याकाळीत फाटते, आणि एकदा उसवलेल्या शिवणीतील टाक्यांची रीत पुन्हा मिळत नाही. स्वच्छ सुती चादरीवर वस्त्र पसरावे, टाचणी न टोचता कापडी फितीने मापे घ्यावीत, ती पेन्सिलीने कागदावर उतरवावीत, आणि वस्त्र परत ठेवून द्यावे. बेतण्याला एवढे पुरते.

मापे कागदावर आली की एक गोष्ट लक्षात येते. आजचा शिंपी अंगाचा आकार पाहून कापडातून वळणे कापतो व उरलेल्या चिंध्या टाकून देतो. जुना शिंपी मागावरून उतरलेल्या कापडाच्या पन्ह्यापासून आरंभ करीत असे. हातमागावरचे कापड मोलाचे, म्हणून शक्यतो ते चौकोनात आणि तिरक्या सरळ रेषांतच कापावयाचे. जाम्याच्या घेराच्या कळ्या हे याचे उत्तम उदाहरण. ९० सेंटिमीटर पन्ह्याचे ३ मीटर कापड घेतले, तर त्यातून ३० सेंटिमीटर रुंद व ७५ सेंटिमीटर लांब असे बरोबर १२ तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा अशा तिरक्या रेषेत कापावा की दोन सारख्या कळ्या व्हाव्यात. प्रत्येक कळी वर ७ आणि खाली २३ सेंटिमीटर. शिवणीसाठी दोन्ही बाजूंस एकेक सेंटिमीटर माया धरली, तर २४ कळ्यांचा घेर वर १२० व खाली ५०४ सेंटिमीटर होतो. ८० सेंटिमीटर कमरेला पुढील बाजू एकमेकींवर पूर्ण येण्यासाठी वरचे माप नेमके पुरते, आणि खाली पाच मीटरांचा घेर खेळतो. वाया काहीच जात नाही. हे गणित हातात येईपर्यंत असा पोषाख फार अवघड वाटतो; ते आले की उरते ती केवळ चिकाटी.

कळीची एक कड सरळ उभ्या धाग्याची, दुसरी तिरकी, म्हणजे उरेब असते. एकीची सरळ कड शेजारणीच्या तिरक्या कडेशी जोडावी. दोन तिरक्या कडा एकत्र आल्या तर ती शिवण ताणली जाऊन लोंबते. काखेचेही तसेच. बाही सरळ असल्यामुळे काखेत चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, घालावा लागतो. तो वगळला तर तलवार उपसण्यासाठी हात वर करताच शिवण उसवते. कळीदार कुर्त्यात हा तुकडा आजही आढळतो. पुष्कळ जण तो गाळून आजच्या सदऱ्यासारखी गोल मुंढ्याची बाही लावतात. जामा दिसतो बरा, पण छातीवर सुरकुत्या पडतात.

कापड पातळ सुती मलमलच असावे, आणि ते धुऊन, वाळवून मगच बेतावे. कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्त पडते, परंतु ते अंगावर पडत नाही, फुगून राहते. मलमलीतून शिवण आरपार दिसते. म्हणून कडा शिवणीच्या पोटात दुमडून घ्याव्यात. २४ कळ्यांच्या लांब शिवणी यंत्रावर मारल्या तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. यंत्र त्या काळी नव्हते, हे खरे. पण चार हात अंतरावरून टीप ओळखू येत नाही, आणि शाळेच्या संमेलनाची तारीख कोणासाठी थांबत नाही. बंद, गळा आणि खालची कड मात्र हाताने शिवावी. या जागी प्रेक्षकाची नजर जाते. बंदांऐवजी साखळी किंवा टिचबटणे लावण्याची सवलत घेऊ नये, कारण बाजूला लोंबणारे बंद हीच जाम्याची ओळख आहे.

कळ्या जोडून घेर वरच्या भागाला लावला की जामा खुंटीवर एक रात्र टांगून ठेवावा. उरेब कडा तोवर आपापल्या परीने उतरतात, आणि खालची कड कोठे दोन बोटे वर, कोठे खाली जाते. दुसऱ्या दिवशी ज्याच्यासाठी शिवला त्याला तो पटक्यासकट नेसवून उभे करावे, जमिनीपासून सारखे अंतर मोजून खुणा कराव्यात आणि मग कड दुमडावी.