आधी तळपाय बघा

तुम्ही उद्या आपापल्या पाड्यांवर परत जाल. तेव्हा चेंबूर सोडण्याआधी एकाच आजाराविषयी बोलते. मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

आपल्याकडे तो विरळा. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत फार, आणि तिथं मुख्य कारण ऊन. म्हणून परदेशी पत्रकांत टोपी घाला, क्रीम लावा असं असतं. आपल्या सावळ्या माणसांना तो होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, टाचेवर, नखाखाली. कधी तोंडात किंवा गुदद्वाराशीही. तिथं टोपी काय करणार? रोगी बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे.

घात होतो तो उशिरामुळे. भातखाचरात राबणाऱ्या पायाला काटा, कुरूप, भेगा, चिखल्या असतातच, त्यात काळा डाग खपून जातो. कुणी बिब्बा लावतं, कुणी ब्लेडनं खरवडतं. पुढं जांघेत गाठ येते. लोक म्हणतात, अवधाण आलंय, बसेल. काट्याचं अवधाण बसतं. हे बसत नाही, कारण रोग गाठीत पोचलेला असतो. हे अडाण्यांचंच होतं असंही नाही. गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या नखाखाली हाच रोग होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल असं वाटलं. 1981 साली, 36व्या वर्षी तो गेला.

सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर फिकट रेघा असतात, त्यांना घाबरवू नका. एकाच नखात काळी रेघ रुंदावतेय, कडेच्या कातडीवर उतरतेय, किंवा तळव्यावरचा डाग वाढतोय, रंग बदलतोय, तर पाठवा. काही गाठी काळ्या नसतातही. लालसर, न भरणारी जखम तेवढीच संशयाची.

डॉक्टर रोगाची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आत असताना कापून काढला तर बहुतेक जण वाचतात. बोट जाईल म्हणून माणसं पळतात. बोटावर निभावतं तोवरच या, हे त्यांना सांगावं लागतं.

परळचं टाटा हॉस्पिटल 1941पासून आहे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर द्या, महात्मा फुले योजनेसाठी लागतात. चेंबूरहून कुर्ल्याला गाडी बदलून परळ. मी सोबत येते. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पण जागा आधी विचारा.

आणि तपासताना पाय धुवायला लावा. चिखलाखाली, आळत्याखाली काही दिसत नाही.