‘शारीर’ शब्दाचा विचार



सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत तिच्या दोन्ही काठांवरून दगड सुटतात. त्या दिवशी ‘शरीर’ शब्दाची व्युत्पत्ती कोणास कोशात शोधावी लागत नाही. यास्काचार्यांनी निरुक्तात या शब्दाच्या मुळाशी जे धातू सुचविले, त्यांपैकी एक ‘शॄ’ म्हणजे मोडणे, हा आहे. ‘काय’ हा शब्द ‘चि’, म्हणजे रचणे, यापासून सिद्ध होतो. एकाच वस्तूस रचलेली म्हणावे आणि मोडणारीही म्हणावे, हे संस्कृत भाषेस शोभते.

शरीरापासून ‘शारीर’ झाला, आणि त्यास दोन अर्थ आले. शरीराविषयीचे ते शारीर, हा वैद्यांचा अर्थ. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत ‘शारीरस्थान’ आहे. आयुर्वेद महाविद्यालयांत आजही ‘रचनाशारीर’ हा विषय शिकवितात. शरीरात वसणारा तो शारीर, हा वेदान्त्यांचा अर्थ. ब्रह्मसूत्रांत हा शब्द जीवास लावलेला आहे, आणि त्या शास्त्रास ‘शारीरकमीमांसा’ असेही नाव आहे.

मठात येणाऱ्यास दुसरा अर्थ जवळचा वाटतो व पहिला काहीसा विटाळाचा. सुश्रुतास मात्र तसे वाटले नाही. विषाने वा दीर्घ व्याधीने न मेलेल्याचे शव मुंज इत्यादी तृणांनी वेष्टून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावे. सात रात्रींनंतर वाळा, केस किंवा वेळू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून आतपर्यंत एकेक अवयव डोळ्यांनी पाहावा, असे तो सांगतो. वेदवादी अस्थी 360 मानतात, शल्यतंत्रात त्या 300 च, हेही तो निःसंकोचपणे नोंदवितो. पुढे हे पाहणे लोपले. 1836 साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनास हात घातला तो पंडित मधुसूदन गुप्त यांनी. आणि ते संस्कृत महाविद्यालयात आयुर्वेद शिकविणारे होते, ही गोष्ट विसरू नये.

शवपरीक्षेचा हा विधी ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात सुश्रुत म्हणतो की, देहातील अतिसूक्ष्म असा तो प्रभू या डोळ्यांना दिसत नाही. त्यास ज्ञानाचे व तपाचे डोळे लागतात. कुंचला हाती असतानाच त्याने हे लिहिले आहे.