सड्याच्या मातीचं विरजण

(रेडिओवर प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



घरातलं विरजण संपलं की आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो. दूध कितीही चांगलं असो, पातेलं कितीही स्वच्छ घासलेलं असो, चमचाभर जुनं दही असल्याशिवाय नवं दही लागत नाही. आज मी अशाच एका विरजणाबद्दल बोलणार आहे. हे विरजण मातीचं आहे. आणि ते मागायला जावं असे शेजार आता कमी होत चालले आहेत.

सडा म्हणजे काय, हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. पण पाहुणे मे महिन्यात येतात, तापलेला काळा कातळ बघतात आणि विचारतात, "इथे काही उगवत नाही का हो?" त्यांना पावसाळ्यात आणायला हवं. पहिल्या सरींनंतर दिपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही दिपकाडी आपल्या कोकणातल्या सड्यांची खास. मग तेरडा, कवला, गेंद, सीतेची आसवं. आणि गणपती गेले की सगळा सडा गवताने डोलायला लागतो. आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुमारास गवतकापणी असायची. भारे डोक्यावरून घरी यायचे. त्यातलं काही गोठ्यात जायचं, काही आंब्याच्या अढीसाठी राखून ठेवलं जायचं.

आता या गवताच्या संसाराकडे जरा नीट बघा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले महिने कोरडे. कातळावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. त्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, आणि ते स्फुरदाला असं पकडून ठेवतात, की मुळांना ते सुटता सुटत नाही. नत्राचीही ओढाताणच. सीतेची आसवं ही नाजूक निळी-जांभळी फुलं त्यावर वेगळा उपाय करतात: त्यांच्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. गवताला ते जमत नाही. गवताने भागीदार शोधला आहे. तो भागीदार म्हणजे बुरशी.

बुरशी म्हटलं की आपल्याला पावसाळ्यातल्या चपला आणि लोणच्याची बरणी आठवते. ही बुरशी वेगळी. ती मुळाच्या आत शिरून राहते आणि तिचे तंतू मातीत दूरवर पसरतात. हे तंतू केसाहून कितीतरी बारीक. मुळाला जिथे पोचता येत नाही, अशा फटींतून ते स्फुरद आणि पाणी आणून देतात. बदल्यात गवत उन्हात तयार केलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ बुरशीला देतं. हेच तंतू मातीचे कण एकमेकांना धरूनही ठेवतात, आणि कातळाच्या उतारावर ही गोष्ट लहान नाही. मुळं आणि बुरशी यांच्या या जोडीला १८८५ साली अल्बर्ट फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने मायकोरायझा असं नाव दिलं. अर्थ अगदी साधा: बुरशी-मूळ. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ही बुरशी दिसते. त्या काळी झाडांना धड मुळंसुद्धा नव्हती. म्हणजे ही भागीदारी मुळांहूनही जुनी.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण ते खरं कळलं ते एका चिरेखाणीने.

आमच्या वाडीला लागून एक चिरेखाण आहे. बंद पडून बारा-तेरा वर्षं झाली. खाण सुरू करताना वरची माती ढकलून एका कडेला ढीग केला होता. तो पावसाने वाहून गेला. उरला उघडा जांभा, चिऱ्यांची भुकटी आणि कडेने माजलेली रानमोडी. तिथे पुन्हा गवत आणावं असं माझ्या मनाने घेतलं. ऑक्टोबरात सड्यावरून बी झाडून आणलं, भुकटीत थोडं शेणखत मिसळलं आणि पावसाच्या तोंडावर बी पेरलं. जुलैत हिरवंगार झालं. मी घरी येऊन बढाईही मारली. गणपतीपर्यंत ती रोपं पिवळी पडली. दसऱ्याला काही उरलं नाही.

पुढच्या वर्षी तेच बी, तीच जागा. फक्त दोन गोष्टी जास्त केल्या. चिऱ्यांचे तुकडे रचून हातभर उंचीचे बांध घातले. आणि घराच्या पायासाठी शेजाऱ्यांनी सड्याचा एक कोपरा खणला होता, तिथली गवताच्या मुळांसकट माती चार पाट्या आणून पातळ पसरली. जिथे ती माती पडली, तिथलं गवत टिकलं. बाकीची जागा पुन्हा उघडी पडली. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. बांधाने किती काम केलं, मातीने किती आणि बुरशीने किती, हे मी सांगू शकत नाही. पण मला विरजण आठवलं.

ज्यांनी हे शास्त्रीय पद्धतीने केलं, त्यांचं काय म्हणणं आहे? अमेरिकेच्या मध्यभागात प्रेअरी नावाचे अफाट गवताळ प्रदेश होते. नांगर फिरला आणि उंच गवताची प्रेअरी शेकडा चारही उरली नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९३०च्या दशकात जुन्या शेतावर प्रेअरी पुन्हा वसवायला घेतली. पुढे अशी कामं ठिकठिकाणी झाली आणि सगळीकडे एकच अनुभव येत राहिला: बी पेरलं की चिवट, सर्वत्र उगवणाऱ्या जाती येतात, जुन्या प्रेअरीच्या खास जाती रुसून बसतात. लिझ कोझिओल आणि जेम्स बीव्हर या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की जुन्या प्रेअरीतली बुरशी वाढवून ती रोपांना दिली, तर या रुसलेल्या जातीही रुजतात. नेदरलँड्समध्ये तर एका जुन्या शेतजमिनीवर दुसरीकडची माती सेंटिमीटरभरापेक्षाही पातळ पसरली. सहा वर्षांनी बघितलं, तर गवताळ रानातली माती टाकलेली जागा गवताळ रानाकडे झुकली होती, आणि झुडपांच्या माळावरची माती टाकलेली जागा त्या माळाकडे. विरजण जिथलं, तसं दही!

मग कोणी म्हणेल, बाजारात मायकोरायझाची पाकिटं मिळतात, ती आणून टाकावीत. बागेला ती उपयोगी पडतीलही. पण पाकिटातली बुरशी कुठली, ती जिवंत किती, हे आधी विचारायला हवं. आणि सड्याच्या बोटभर मातीत, चार महिने चिखल आणि आठ महिने तवा अशा हवेत टिकायची सवय तिथल्याच बुरशीला असणार. त्यापेक्षा ती घरी वाढवणं सोपं. कुंडीत वाफवून निवलेली वाळूमिश्रित माती घ्यायची, त्यात सड्यावरच्या गवताच्या मुळांजवळची मूठभर माती मिसळायची, वर ज्वारी किंवा मका पेरायचा. तीन-चार महिन्यांनी पाणी तोडायचं. रोप सुकलं, की बुरशीचे बीजाणू तयार झालेले असतात. मुळं बारीक चिरून त्याच मातीत कालवली, की विरजण तयार. रासायनिक स्फुरद मात्र घालायचं नाही. आयतं मिळालं, की झाड भागीदाराला विचारत नाही.

मूठभरच माती का, तेही सांगतो. चांगला सडा खरवडून बिघडलेला सडा सुधारायचा, म्हणजे शेजाऱ्याचं अख्खं दही पळवण्यासारखं आहे. कातळावर बोटभर माती साठायला किती काळ लागतो, याचा हिशेब आपल्या पिढ्यांत बसत नाही.

आणि नेमका हाच हिशेब आमच्या घरात अडला आहे. चिरेखाणीच्या पलीकडचा सडा आमचा सामाईक आहे. सातबाऱ्यावर नोंद पोटखराब. चुलतभावाचा मुंबईहून फोन आला, "दादा, चिऱ्याला भाव आहे, गिऱ्हाईक आलंय. नुसतं गवत तर आहे तिथे." त्याला मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे आहेत, आणि ते खोटं नाही. घर बांधायला चिरा लागतो, माझंही घर चिऱ्याचंच आहे. कोणी सुरुंग लावून कलमांना खड्डे करतो, त्यालाही पोट आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, की अर्ध्याचा विचार करू. पण कडेचा पट्टा तसाच ठेवायचा. आणि खाण लागलीच, तर वरची माती आधी काढून वेगळी ठेवायची, तिचा बुटका ढीग करायचा, त्यावर गवत राहू द्यायचं आणि काम संपेल तिथे ती लगेच परत पसरायची. वर्षानुवर्षं उंच ढिगात पडलेल्या मातीतली बुरशी मरत जाते. तो "बघू" म्हणाला. अजून एकमत झालेलं नाही.

श्रोतेहो, याच सड्यांवर आपल्या पूर्वजांनी कातळशिल्पं खोदली. ती २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. शिल्पाभोवती आपण कुंपण घालतो, ते योग्यच आहे. त्याच्या शेजारची बोटभर माती मात्र कागदावर पोटखराब, आणि आपल्या बोलण्यात ओसाड. ओसाड म्हणून जुलै महिन्यात आपण तिथे ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपंही लावून येतो.

येत्या पावसात एकदा सड्यावर जा. अनवाणी जा म्हणत नाही, पण जपून पाऊल टाका. एखादं गवत बोटांनी हलकेच ओढून बघा, सहज येणार नाही. खाली त्याला धरून कोण बसलंय, ते आता तुम्हाला माहीत आहे.

आमच्या आईचा एक नियम होता. पाहुणे कितीही येवोत, दही वाढताना ती वाटीभर आधी बाजूला काढून ठेवायची. सड्याच्या बाबतीत एवढं जरी आपण केलं, तरी पुष्कळ आहे.