अंगावरचे कवच आणि मालकाचे कर्तव्य



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना आदरांजली वाहून मी विषयास प्रारंभ करतो. साथीच्या काळात कामगाराच्या अंगावर संरक्षणासाठी जी साधने चढविली जातात, त्यांचा विचार आज करावयाचा आहे. बेळगाव ही फौंड्रीची नगरी आहे. या सभागृहातील अनेक मुलांचे वडील उद्यमबागेत काम करतात. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे ती साथ आपल्याही मुलखात आली आणि माणसे गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिली. हा प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरत होता. परंतु १९१० च्या अखेरीस मांचुरियात जो प्लेग उसळला तो फुप्फुसांचा होता आणि श्वासावाटे पसरत होता. पेनांग येथे जन्मलेले व केंब्रिजमध्ये शिकलेले डॉ. वू लिएन-ते यांना चीन सरकारने हार्बिनला धाडले. रोगाची वाट हवेतून आहे हे त्यांनी ओळखले आणि कापूस व जाळीदार कापड यांच्या थरांची एक स्वस्त, कोणालाही शिवता येईल अशी मुखपट्टी तयार करविली. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना हे मत पटले नाही. ते मुखपट्टीवाचून रुग्णांजवळ गेले आणि जानेवारी १९११ मध्ये त्याच रोगाने मृत्यू पावले. त्या साथीत सुमारे ६०,००० माणसे दगावली. येथे पहिला धडा मिळतो. रोगाची वाट ठाऊक असल्याखेरीज कोणतेही कवच कामाचे नाही.

आज आपण ज्याला एन-९५ म्हणतो, तो मास्क या मुखपट्टीचाच वंशज होय. त्यातील '९५' हा आकडा सांगतो की ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे गाळण्यास सर्वांत कठीण असे कण तो किमान ९५ टक्के अडवितो. तो केवळ बारीक चाळणीसारखा नसतो. त्याच्या तंतूंवर विद्युतभार स्थिर केलेला असतो आणि त्यामुळे सूक्ष्म कण तंतूंकडे ओढले जाऊन चिकटतात. मात्र तो चेहऱ्यास घट्ट बसला नाही, तर हवा कडेच्या फटीतून आत शिरते आणि सारे शास्त्र व्यर्थ होते. २०२० साली करोनाच्या साथीत हा मास्क दुर्मीळ झाला. आपल्या देशातील परिचारिकांनी आणि सफाई कामगारांनी ऐन उन्हाळ्यात अंगभर प्लास्टिकचे पोशाख चढवून, तासन्‌तास पाण्याचा घोटही न घेता काम केले. कवचालाही किंमत असते, आणि ती ते धारण करणारा देह मोजतो.

त्याच वर्षी दुसऱ्या प्रकारची साधने पुढे आली. मास्क रोग अडवितो, ही साधने मात्र माणसावर नजर ठेवतात. बेल्जियममधील अँटवर्प बंदरात कामगारांच्या मनगटांवर चाचणीदाखल एक पट्टा बांधण्यात आला. दोघे ठरावीक अंतराहून जवळ आले की तो थरथरे. अशी बहुतेक साधने बिनतारी संदेशाच्या तीव्रतेवरून अंतराचा अंदाज बांधतात. परंतु मधे माणसाचा देह आला तर ही तीव्रता घटते आणि मधली भिंत पातळ असली तर संदेश पलीकडेही जातो. म्हणून हे मोजमाप अदमासाचेच असते.

सिंगापूरचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२० मध्ये तेथील बहुतांश रुग्ण परप्रांतीय कामगारांच्या वसतिगृहांत आढळले. या वसतिगृहांत तीन लाखांहून अधिक कामगार राहत होते, आणि त्यांत आपल्या देशातील व बांगलादेशातील माणसे मोठ्या संख्येने होती. एकेका खोलीत १२ ते २० जण राहत, आणि न्हाणीघरेही सामायिक असत. पुढे कामगारांना संपर्क नोंदविणारी साधने देण्यात आली. परंतु ज्या खोलीत खाटेला खाट लागलेली आहे, तेथे मनगटावरच्या पट्ट्याने अंतर राखा म्हणून सांगावे, तर कामगाराने सरकावे कोठे? अंतर पट्ट्यात नसते, ते खोलीत असावे लागते.

याच देशात सर्व नागरिकांसाठी असलेल्या अशाच व्यवस्थेविषयी प्रारंभी सांगण्यात आले होते की नोंदी केवळ साथीच्या कामासाठी वापरल्या जातील. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत उघड झाले की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनाही त्या मिळू शकतात. लोकांत नाराजी पसरली, आणि फेब्रुवारीत कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करण्यात आला. आपल्याकडे नागपूर आणि चंदीगड येथे सफाई कामगारांच्या मनगटांवर त्यांचा ठावठिकाणा कळविणारी घड्याळे बांधली गेली. चंदीगडच्या कामगारांनी २०२० मध्ये त्यांविरुद्ध आवाज उठविला. हजेरीसाठी बांधलेले घड्याळ आणि रक्षणासाठी बांधलेला पट्टा दिसायला सारखेच असतात. साधन एकच, हेतू मात्र कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून असते.

बोटाला चिमट्याप्रमाणे लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र करोनाकाळात घरोघरी आले. त्याचे मूळ तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधून काढले. परंतु डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसून आले की रक्तातील प्राणवायू घटला असताही हे यंत्र तो ठीक असल्याचे दाखविते, असे कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या सुमारे तिप्पट वेळा घडत होते. ज्याच्या अंगावर साधन बांधावयाचे, त्याच्या अंगावर ते आधी पारखले गेले पाहिजे.

मित्रहो, कामगारांच्या सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड सांगितलेली आहे. प्रथम धोकाच नाहीसा करावा. ते न जमल्यास कमी धोक्याचा पर्याय शोधावा. त्यानंतर हवा खेळती ठेवणे, आडपडदे उभारणे असे बांधणीचे उपाय करावेत. त्यानंतर पाळ्यांची व कामाची रचना बदलावी. आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या धोक्यासाठी, कामगाराच्या अंगावर साधन द्यावे. पहिल्या पायऱ्यांचा खर्च मालकाला करावा लागतो, शेवटच्या पायरीचा भार कामगाराच्या देहावर पडतो. म्हणूनच ही उतरंड उलटी करण्याचा मोह नेहमी होतो. खिडक्या न उघडता मास्क वाटावेत, खोल्या न वाढविता पट्टे बांधावेत, आणि कोणी आजारी पडलाच तर त्याने साधन नीट वापरले नाही असे म्हणून मोकळे व्हावे. माझे आजचे सांगणे एवढेच की अंगावरचे साधन हा मालकाच्या कर्तव्याचा शेवट आहे, त्या कर्तव्याचा पर्याय नव्हे.

हे आपल्या गावालाही लागू पडते. फौंड्रीत वाळूचे साचे फोडताना आणि ओतीव माल घासताना सिलिकाची धूळ उडते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. करोनाने जगाला ज्या मास्कची ओळख करून दिली, तो या धुळीलाही अडवितो. पण त्याआधी वाळू ओली करणे, धूळ जागच्या जागी ओढून घेणारी यंत्रणा बसविणे, ही कामे कारखान्याची आहेत. साथ येते आणि ओसरते. धूळ मात्र रोज उडते, तिच्यासाठी टाळेबंदी जाहीर होत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी अभियंते होतील, कोणी कारखानदार, कोणी कामगार. उद्या एखादे नवे साधन तुमच्यासमोर येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. याआधीच्या पायऱ्या चढून झाल्या आहेत काय? हे साधन जे जाणते, ते प्रथम ज्याच्या अंगावर आहे त्याला कळते काय? आणि गरज संपताच ते उतरविण्याचा अधिकार त्याला आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर ते साधन कवच आहे असे निःशंक समजा. न आली, तर ते बेडीच्या जातीचे आहे.