घरबसल्या इलेक्ट्रॉनिक्स : विद्या आणि पदवी



पत्राद्वारे इलेक्ट्रॉनिक्स शिकावे की नाही, हा प्रश्न अनेक होतकरू तरुणांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे उभा राहतो. वस्तुतः हे दोन प्रश्न आहेत. विद्या प्राप्त होईल काय, हा पहिला. आणि हाती पडणाऱ्या पदवीस मान्यता असेल काय, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर आशादायक आहे. अमेरिकेत १९१४ साली वॉशिंग्टन येथे स्थापन झालेल्या नॅशनल रेडिओ इन्स्टिट्यूटने टपालाने असंख्य तंत्रज्ञ घडविले. पाठांसोबत सुटे भागही धाडले जात व विद्यार्थी ते स्वहस्ते जोडीत. यशाचे मर्म येथेच आहे. ओहमचा नियम पुस्तकातून उमगतो. सोल्डरचा कच्चा सांधा मात्र हात आणि डोळा तयार झाल्यावाचून ओळखता येत नाही. कापडाचा पोत वर्णनाने कळत नाही, तसेच हे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सावध करणारे आहे. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी कठोर निर्णय दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित होऊन त्यांना परीक्षेची संधी मिळाली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. नोकरी सांभाळून, बढतीच्या आशेने शिकलेल्यांवर केवढा हा आघात! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनेही अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने देण्यास मनाई केली आहे.

तात्पर्य, ज्ञानवृद्धीसाठी घरबसल्या अवश्य शिकावे. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.च्या उपक्रमातून विनामूल्य उपलब्ध आहेत. जोडीला मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि एखाद्या जाणत्या कारागिराचे सान्निध्य असावे. परंतु पदवी वा पदविका हवी असेल, तर तंत्रनिकेतन अथवा मान्यताप्राप्त महाविद्यालयाचीच वाट धरावी. शुल्क भरण्यापूर्वी मान्यतेचा आदेश प्रत्यक्ष पाहावा. त्यात अभ्यासक्रमाचे नाव व वर्ष तपासावे. केवळ माहितीपुस्तिकेवर विसंबू नये.

गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. तारुण्याची गेलेली वर्षे कोणत्याही खात्यात परत जमा होत नाहीत. मुलांना मार्ग दाखविताना वडीलधाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा, हीच नम्र विनंती.