पहिल्या स्पर्धेची धडधड

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे 1909 साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी जी खंजिरी गावोगाव पोहोचविली, तिच्या भजनस्पर्धा अमरावती-अकोल्याकडे आजही भरतात. आणि प्रथमच हजेरी लावणाऱ्याचे तळहात, नेमके नाव पुकारले जाताच, घामेजतात. हा भित्रेपणा नव्हे. ॲड्रेनलिन नामक स्रावाने हृदयगती व श्वास वाढतात, आणि गाणाऱ्याची लय नकळत चढते. यावर इलाज असा की, पहिले भजन मुक्रर करताना ते मध्यलयीचे, पुरत्या तालमीतले घ्यावे, श्वास सावकाश सोडावा, व स्वर लावण्यापूर्वी ठेक्याचे एक आवर्तन मनात मोजावे. खंजिरीचे कातडे दमट हवेत सैल पडते, तेही आधी शेकून घ्यावे. परीक्षकांच्या मुद्रा न्याहाळण्यास तेवढाच वेळ कमी उरतो.